कासारणीच्या सुनेचा झोपलेला हात

केनवडच्या बाजारात पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून एक पोतं अंथरलेलं असतं. ती जागा तुळसाबाई कासारणीला कोणी लिहून दिलेली नाही, पण बाजाराच्या दिवशी तिथं दुसरं कोणी बसतही नाही. एकदा एक भांडीवाला बसला होता. त्याच्यापुढं बायका बांगड्या मागायला येऊ लागल्या, तेव्हा तो आपणहून उठून गेला.

तुळसाबाईचं बांगड्या भरणं बघण्यासारखं होतं. पोरीचा हात मांडीवर घ्यायचा, थोडा चोळायचा, आणि मामाची म्हैस व्याली का, मोठ्या बहिणीचं कुठं जमलं का, असं काहीतरी विचारायचं. पोरगी उत्तर द्यायला तोंड उघडते न उघडते तोच बांगडी अंगठ्याच्या हाडावरून मनगटात गेलेली असायची. या सगळ्यात तुळसाबाई हाताकडे बघायचीच नाही. ती बघायची तोंडाकडे. भुवई जरा वर चढली की बांगडी तिथंच थांबवायची, थोडी फिरवायची, हाड चुकवायचं, मग पुढं. "ढिला सोड वं हात," एवढंच तिचं म्हणणं. "ताठ केला तं काच बी ताठ होते."

दुसरा तिचा अभिमान म्हणजे माप. इतर बांगडीवाले दोन-सहा मापाच्या हाताला एक माप मोठी, दोन-आठची बांगडी देऊन मोकळे होतात. घालायला सोपी, तक्रार नाही. पण ती बांगडी भाकरी थापताना कोपरापर्यंत पळते आणि धुणं धुताना दगडावर आपटते. तुळसाबाईची बांगडी मनगटाला धरून बसायची. बायका माहेरी गेल्या की हात पुढं करून सांगत, ही केनवडची भरणी. एक माप कमी देऊनही हाताला ओरखडा येऊ द्यायचा नाही, ही तिची ख्याती होती, आणि ख्याती असली की माणूस थोडं तोऱ्यात वागतोच. तीही वागायची.

तिच्या स्वतःच्या हातात मात्र काही नव्हतं. नवरा उकंडराव वारला त्याला बरीच वर्षं झाली. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. पण दहाव्याच्या दिवशी नणंदेनं मागच्या अंगणात दगडावर हात ठेवून तिच्या बांगड्या वाढवल्या, तेव्हा तो शब्द काही कामाला आला नाही. जन्मभर ज्या काचेवर पोट भरलं तीच काच नणंदेच्या हातून फुटताना ऐकली. नंतर तिनं तो आवाज कोणाला सांगितला नाही, पण विसरलीही नाही.

बाजारातल्या बायकांना तिच्या मोकळ्या हातांचं काही वाटायचं नाही. कासारणीच्या हाताला कसला आलाय विटाळ, असं जुन्या बायकाच म्हणायच्या. लग्नघरं मात्र कुरकुरत. नवरीचा हिरवा चुडा विधवेच्या हातानं नको, असं कोणी तोंडावर बोललं नाही, पण बोलावणं येईनासं झालं. तुळसाबाई समजली. तिनं भांडण केलं नाही. पोराचं लग्न केलं आणि सून आणली.

सून सरिता कारंज्याची. लखनशी लग्न होऊन आली तेव्हा तिला बांगड्या भरता येत नव्हत्या, येतं मात्र म्हणायची. पहिल्या वर्षी तिनं एवढी काच वाढवली की तुळसाबाई म्हणाली, हिला दुकानात नको, कारखान्यात ठेवा. मग कधी कसं कोण जाणे, तिचा हात बसला. आज लग्नघरी सरिताच जाते. नवरीच्या हातात हिरवा चुडा भरते, वर एक आशीर्वादाची बांगडी फुकट घालते, आणि नवरी वाकून तिला नमस्कार करते. तुळसाबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची की पोरीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. सरितेला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. सुनेला तोंडावर चांगलं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि तुळसाबाई पद्धत मोडणाऱ्यांतली नव्हती.

तर ही सरिता एका लग्नघराहून स्कूटीवर येत होती. पायाशी बांगड्यांची पेटी. रस्त्यात बकरीचं पिल्लू आडवं आलं. सरितेनं ब्रेक दाबला, गाडी घसरली, आणि पडता पडता या बाईनं काय करावं, तर दोन्ही हातांनी पेटी धरली. पेटीतली एकही बांगडी तडकली नाही. सरितेचं उजवं कोपर तेवढं फुटलं.

वाशीमला स्टँडजवळच्या हाडांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तार घालून हाड बांधावं लागेल, सकाळीच ऑपरेशन करू. लखन तेव्हा सरकीचा ट्रक घेऊन गुजरातेत गेला होता. फोनवर म्हणाला, माल खाली झाला की निघतो, परवा सकाळपर्यंत पोचतो. दवाखान्यात सासू आणि सून दोघीच.

सकाळी सिस्टर राखी आली आणि म्हणाली, दोन्ही हातांतल्या बांगड्या काढा. ती सोबत पक्कड घेऊन आली होती. तुळसाबाईनं पक्कडीकडे असं पाहिलं की राखीनं ती खिशात टाकली.

"ते ठेवा तिकडं, बाई. कासाराच्या घरची सून हाय ते."

तेल लावून, साबण लावून, एकेक करून तिनं सरितेच्या बांगड्या काढल्या. मोडलेल्या हाताचं काम नाजूक होतं. सरितेचा ओठ दाताखाली गेला की तुळसाबाई थांबायची. ओठ सुटला की पुढं सरकायची. सगळ्या बांगड्या शाबूत निघाल्या. त्या तिनं रुमालात बांधल्या. सरिता आपल्या मोकळ्या मनगटांकडे बघत बसली.

"आई, ते ट्रकवर हायेत," ती हळूच म्हणाली.

"मालूम हाय मले. ऑपरेशन झालं का दिवे लागाच्या आत घालून देईन."

तुळसाबाईनं शब्द दिला तो असा. तोंडातून गेला आणि तिथंच ठरून गेला.

मग भूल देणारी डॉक्टर आली. डॉक्टर धम्मदीपा. तरुण होती, डोक्याला हिरवी टोपी होती, आणि आधी स्टूल ओढून खाली बसली मग बोलली, हे तुळसाबाईला आवडलं. म्हणाली, सगळ्या अंगाला भूल देणार नाही. मशीनच्या पडद्यावर नसा बघून गळ्याच्या हाडाच्या वर एक इंजेक्शन देईन, हात तेवढा झोपेल, सरिताताई जाग्याच राहतील.

"किती वेळ झोपंल?" तुळसाबाईनं विचारलं.

"नुसतं बधिर करायचं औषध दिलं तर संध्याकाळी जाग येईल. पण हाडाचं पहिल्या रात्रीचं दुखणं फार वाईट असतं. म्हणून मी त्यात दुसरं एक औषध जरासं मिसळते. मग हात उद्या सकाळपर्यंत झोपतो."

"मिसळता?" तुळसाबाईचा चेहरा बदलला. मिसळणं या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. दुधात, तिखटात, बांगडीच्या रंगात, जिथं मिसळलेलं पाहिलं तिथं तिला नुकसानच दिसलं होतं. "कायले मिसळता मंग? हाय ते औषध जास्त द्या ना."

डॉक्टर हसली. "जास्त दिलं तर धोका. हे दुसरं अगदी थोडं लागतं, आणि पहिल्याचं काम लांबवतं."

तुळसाबाईनं विचार केला. "म्हंजे दुधाले विरजण."

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाली. "पण याची एक दुसरी बाजू आहे, ती ऐकून घ्या, मावशी. दुखणं म्हणजे हाताचं बोलणं. मी ते बंद करते. उद्या सकाळपर्यंत हाताला काही झालं तरी तो सांगणार नाही. म्हणून तुम्ही डोळ्यांनी बघायचं. हात उशीवर उंच ठेवायचा. गरम काही लावायचं नाही, घट्ट काही बांधायचं नाही. बोटं सुजली, काळी-निळी पडली, गार लागली तर हाक मारायची. आणि हे बघा." तिनं तुळसाबाईचंच नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख गुलाबी झालं. "असा रंग परत यायला पाहिजे."

तुळसाबाईनं मान डोलावली. तिला सगळं समजलं होतं. गरम म्हणजे विटेचा शेक, घट्ट म्हणजे पट्टी. बांगडीचं नाव कोणी काढलं नाही, आणि तिच्या मनातही आलं नाही. जिनं चाळीसेक वर्षं बांगड्या भरल्या तिच्या लेखी बांगडी ही हाताला घालायची वस्तू राहिलेलीच नसते. मनगट जसं हाताचं, तशी बांगडीही हाताचीच.

ऑपरेशन चांगलं झालं. दुपारी सरिता वॉर्डात आली ती हसत. कोपराभोवती जाडजूड पट्टी, खाली मनगट आणि पंजा मोकळा. म्हणाली, आतमध्ये डॉक्टर गाणी लावून काम करतात, आणि माझा हात कोणीतरी उचलला तर मला वाटलं दुसऱ्याचाच हात आहे. डाव्या हाताला सलाईनची सुई लावून वरून चिकटपट्टी मारली होती. तुळसाबाईनं उजवा हात उशीवर नीट ठेवला. दर थोड्या वेळानं ती नख दाबून बघत होती. रंग येत होता.

दिवेलागणीच्या आधी गावाहून फोन आला की शेजारची गोजराबाई डबा घेऊन निघाली आहे. गोजराबाई मायाळू बाई, पण तिच्या डोळ्यातून काही सुटत नाही आणि तोंडात काही राहत नाही. कासारणीच्या सुनेचे दोन्ही हात मोकळे, आणि नवरा ट्रकवर, हे तिनं पाहिलं की उद्या सकाळी अख्खं केनवड चहाबरोबर तेच पिणार होतं. तुळसाबाईनं रुमाल सोडला.

डाव्या हाताला सुई. तिथं बांगडी जाणार नव्हती. राहिला उजवा.

तिनं सरितेचा उजवा हात मांडीवर घेतला आणि क्षणभर तशीच बसून राहिली. असा हात तिनं आयुष्यात धरला नव्हता. हजारो पोरींना ती ढिला सोड, ढिला सोड म्हणत आली, आणि प्रत्येकीचा हात कुठंतरी घाबरलेला राहायचाच. हा हात पूर्ण सुटलेला होता. अंगठा आत वळवला तर वळला. बोटं जुळवली तर जुळली. थोडी सूज होती हातावर, पण बांगडी अडकली की तिनं जरा दाबलं, आणि ती गेली. सवयीनं तिनं सरितेच्या तोंडाकडे पाहिलं. सरिता खिडकीबाहेर स्टँडवरच्या गाड्या बघत होती. भुवई जागची हलली नव्हती.

"घातली का, आई? मले समजलं बी नाई."

तुळसाबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, तिला अभिमान वाटला. आपल्या हाताची कला आज पूर्ण झाली असं तिला वाटलं, आणि रुमालातल्या सगळ्या बांगड्या तिनं त्या एका मनगटात भरल्या. डाव्या हाताच्याही.

गोजराबाई आली, बसली, बोलली. बकरी कोणाची होती इथपासून स्कूटी कोणी शिकवली इथपर्यंत सगळा तपास झाला. "हात भरलेला पाहून जीवाले बरं वाटलं बापा," असंही ती म्हणाली. सरितेला हसू येत होतं. हसण्याबोलण्यात ती कुशीला वळली आणि तिचा झोपलेला हात उशीवरून घसरून खाटेच्या कडेला लोंबकळत राहिला. हाताच्या मालकिणीला त्याचा पत्ता नव्हता. मधे गोजराबाईची पदर पसरून बसलेली मोठी देहयष्टी होती, त्यामुळे तुळसाबाईलाही दिसलं नाही. गोजराबाईला शेवटची गाडी गाठायची होती म्हणून ती उठली, नाहीतर अजून बसली असती.

तिला जिन्यापर्यंत पोचवून तुळसाबाई परत आली, डबा उघडला आणि सुनेला भरवायला बसली. पहिला घास दिला, दुसरा दिला. मग तिला तो हात दिसला.

बोटं वांग्यांसारखी झाली होती. बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या, आणि त्यांच्या खाली हाताचा रंग वेगळा होता. तिनं घास ताटात टाकला, हात उचलून वर घेतला. गार लागला. तिनं नख दाबलं आणि सोडलं. पांढरं ते पांढरंच राहिलं.

"काय झालं, आई?" सरिता तोंडातला घास चावत म्हणाली. तिला काहीच होत नव्हतं.

"राखीबाई," तुळसाबाईनं हाक मारली. ती हाक वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

राखी आली, हात बघितला आणि तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांना फोन करते म्हणून ती खिशातला फोन काढू लागली. तुळसाबाईनं तेल ओतून एक बांगडी ओढून पाहिली. बांगडी जागची हलेना. आल्या वाटेनं आता ती जाणार नव्हती.

"तुह्या खिशातली पक्कड दे," ती राखीला म्हणाली.

आता सरितेला समजलं. तिनं सुई लावलेला डावा हात पुढं आणला आणि उजव्या मनगटावर ठेवला.

"नोका, आई. ते रस्त्यावर हायेत."

"हात काढ."

"मले दुखत नाई. जरा बी दुखत नाई, खरंच सांगून राह्यली. सकाळी उतरल सूज. ते घरी येऊ द्या, मंग काय करायचं ते करा."

शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या. एकीनं तोंड फिरवलं. नवरा प्रवासात असताना सासूनं, तेही विधवा सासूनं, सुनेचा चुडा फोडायचा, हे बघायला कोण थांबेल? तुळसाबाईला त्या बायकांचा राग आला नाही. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही तोंड फिरवलं असतं. तिला मागचं अंगण आठवलं, तो दगड आठवला, नणंदेच्या हाताची पकड आठवली. मुलाचं नाव तिच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं.

"तुले दुखत नाई, म्हणूनच तं," ती म्हणाली. "दुखलं असतं तं म्या घातल्याच नसत्या वं बाई. तुह्या तोंडाकडं पाहून घातल्या, अन् तुहं तोंड मले काही बोललं नाई. आता हात काढ."

सरितेनं हात काढला. डोळे मिटून घेतले.

ताटातला चमचा तुळसाबाईनं पुसला. त्याचा दांडा तेलात बुडवून बांगडी आणि कातडी यांच्या मधे सरकवला, म्हणजे फुटलेली काच चमच्यावर यावी, मांसात जाऊ नये. वरून ओला कापूस ठेवला आणि पक्कड दाबली. बांगडी वाढली. दुसरी वाढली. आवाज तोच होता, मागच्या अंगणातला. हात थरथरला असता तर काच आत गेली असती, म्हणून तिनं हाताला थरथरू दिलं नाही. एका बांगडीचा तुकडा तरी सटकला आणि सरितेच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. तुळसाबाईनं दचकून तोंडाकडे पाहिलं. सरितेचे डोळे मिटलेले होते, पापणीसुद्धा हलली नाही. काच लागूनही माणूस हलत नाही, हे पाहून तुळसाबाईला जी भीती वाटली तशी तिला त्या दहाव्याच्या दिवशीही वाटली नव्हती.

शेवटची बांगडी निघाली तेव्हा डॉक्टर धम्मदीपा धापा टाकत जिना चढून आली. तिनं आधी हात उंच करून धरला, नाडी पाहिली, पट्टी सैल केली, बोटं चोळली. मग नख दाबलं. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग फिकट का होईना, गुलाबी रंग परत येऊ लागला.

"कोणी घातल्या?" तिनं विचारलं.

"म्या," तुळसाबाई म्हणाली. "तुमी सांगतलं होतं. मले वाटलं ते पट्टीचं सांगून राह्यल्या."

डॉक्टरनं नाडी पुन्हा पाहिली. रागावायचं असावं, पण चमच्यावरच्या काचेकडे पाहून तिनं ते सोडून दिलं असावं. "बांगडीचं नाव घेऊन सांगायला पाहिजे होतं मी," एवढं ती म्हणाली. "पुढच्यांना सांगीन."

"हात वाचला ना?"

"रक्त चालू झालंय. फार वेळ गेलेला नाही, त्यामुळं बहुतेक काही होणार नाही. पण मावशी, नसांना किती दाब बसला ते मला आत्ता सांगता येत नाही. हात माझ्या औषधानं झोपलाय, का दुसऱ्या कशानं, वरून दोन्ही सारखंच दिसतं. औषध उतरलं, हाताला जाग आली, की कळेल."

"मंग उतरवा ना ते औषध. उतरवाचं औषध असंलच की."

डॉक्टरनं मान हलवली. "तुम्हीच म्हणाला होता, विरजण. लागलं की दूध परत होत नाही. सकाळपर्यंत थांबायचं."

पुढची रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. तुळसाबाई खाटेजवळ बसून राहिली, हात दोन उशांवर उंच, आणि तिची बोटं सुनेच्या नखांवर. सरिता गाढ झोपली. पहिल्या रात्रीचं वाईट दुखणं तिच्या वाट्याला आलंच नाही, डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे झालं. ते सगळं दुखणं शेजारी बसलेल्या बाईनं भोगलं. हा हात उठला नाही तर? नवरीचा चुडा कोण भरणार, भाकरी कोण थापणार, हे तिच्या मनात आलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त वेळा एक दुसरीच गोष्ट मनात आली. तुहा हात माह्यापेक्षा हलका हाय, हे पोरीला कधी सांगितलंच नाही.

उजाडलं आणि स्टँडवर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. त्या पाठोपाठ लखन आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत चहा. सरिता जागी झाली आणि तिनं नवऱ्याला डोक्यापासून पायांपर्यंत असं बघितलं की त्याला वाटलं आपल्या कपड्यांना ऑईल लागलंय. तो धडधाकट होता. मग त्याचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं.

"म्या वाढवल्या," तुळसाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि काय झालं ते तिनं सांगितलं. काही लपवलं नाही. गोजराबाईसाठी घातल्या, तेही सांगितलं.

लखन खाटेवर बसला. त्या ओरखड्याच्या कडेनं त्यानं हळूच बोट फिरवलं. "बरं केलं," तो म्हणाला. "मी काही बांगड्यांवर गाडी नाई चालवत, आई. ब्रेकवर चालवतो." मग त्यानं पिशवीतला चहा ओतला आणि पहिला कप आईला दिला. तिनं तो घेतला, पण प्याली नाही. तिचा जीव त्या पाच बोटांत होता.

उन्हं खिडकीतून आत आली. डॉक्टर येऊन गेली, बोटं हलवा म्हणाली, बोटं हलली नाहीत. अजून वेळ आहे, असं म्हणून ती दुसऱ्या ऑपरेशनला गेली. लखन औषधं आणायला खाली उतरला. तुळसाबाईचा चहा गार होऊन त्यावर साय आली.

"आई," सरिता म्हणाली, "अंगठ्यात मुंग्या येऊन राह्यल्या."

तुळसाबाई जागची हलली नाही. हललं तर मुंग्या जातील असं तिला वाटलं.

मग अंगठा हलला. थोडासाच, झोपेत लहान पोर हलतं तेवढा. त्यानंतर करंगळी. सरिता कपाळाला आठ्या घालून आपल्याच हाताकडे बघत होती. तुळसाबाईनं हळूच तो हात धरला आणि अंगठ्याच्या हाडावर बोट टेकवलं, बांगडी नेहमी अडते तिथं. या वेळी ती हाताकडे बघत नव्हती. ती तोंडाकडे बघत होती.

सरितेची भुवई चढली. ओठ दाताखाली गेला.

"आई, हात नोका लावू," ती कळवळून म्हणाली. "लय दुखून राह्यलं. कोपरापासून पार बोटापर्यंत. मरणाचं दुखून राह्यलं."

"दुखून राह्यलं?"

"हो ना. सांगून राह्यली ना मी. सिस्टरले बलवा."

तुळसाबाई उठली. सिस्टरला बोलवायचं होतं, पण दारापर्यंत जाऊन तिनं चौकट धरली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. हुंदके आवरेनात. उकंडराव गेला तेव्हाही ती चारचौघांत अशी रडली नव्हती. तेवढ्यात औषधांची पिशवी घेऊन लखन जिना चढून वर आला, आणि आईला तसं पाहून धावतच दारापाशी पोचला.

"काय झालं? आई, काय झालं सरिताले?"

"काही नाई रे," तुळसाबाई म्हणाली. तिनं तोंडावरून पदर काढला, तर ती हसत होती. "तिले दुखून राह्यलं."